ईस्टरला आपल्याकडे सगळे वाळलेले असते. मग मुलांना नवजीवन कशात दाखवावे?

शब्बाथशाळेच्या बाई

सर्वांना सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावी राहते आणि गेली नऊ वर्षे आमच्या मंडळीत शब्बाथ शाळेचा आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. या वर्षी मंडळीच्या कमिटीने माझ्यावर एक काम सोपवले आहे. नाताळपासून सुगीच्या उपकारस्तुतीपर्यंतचे वर्षभराचे सण आणि घरातले रोजचे व्यवहार यांतून विश्वासाचे धडे कसे शिकवता येतील, याची एक छोटी पाठमाला तयार करायची आहे. काम माझ्या आवडीचे आहे, परंतु गेल्या ईस्टरच्या एका प्रसंगापासून माझा हात त्याला धजावत नाही.

त्या रविवारी मी मुलांना छापील चित्रे वाटली होती. चित्रात वितळणारे बर्फ, त्यातून डोके वर काढणारी पांढरी लिली, टोपलीतली रंगवलेली अंडी आणि एक ससा होता. हिवाळ्यात मेलेली धरती वसंतात जशी पुन्हा जिवंत होते तसा प्रभू उठला, असे मी सांगत होते. एप्रिलचा महिना, वर्गावर पत्रा, आणि सकाळी साडेनऊलाच मुलांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मागच्या ओळीतला पाचवीतला एक मुलगा, ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, तो म्हणाला, "बाई, आपल्याकडं तर ईस्टरला सगळं वाळून जातं. विहीरसुद्धा. मग आपल्याकडं काय उठतं?" मुले हसली आणि मीही हसून वेळ मारून नेली, पण त्या मुलाने थट्टा केली नव्हती, त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

माझे दोन प्रश्न आहेत. आपल्या मातीतले, आपल्या ऋतूंतले कोणते दाखले तुम्ही घरी किंवा वर्गात वापरता? आणि दुसरे असे की, प्रत्येक गोष्टीतून बोध काढायचा म्हटले की तो ओढूनताणून काढल्यासारखा होतो. ही मर्यादा कशी ओळखावी? आमच्याकडच्या काही वडीलधाऱ्यांचा दसरा-संक्रांतीचा उल्लेख पाठमालेत येण्यालाही विरोध आहे; त्याविषयीही अनुभव असल्यास कळवावे.

---

वाडीवाला

जय येशू, ताई.

मी वसईकडचा, कॅथलिक, आणि अजून थोडी वाडी व थोडी भातशेती करणारा. तुमच्या मुलाला मी ईस्टरपासून नव्हे, त्याच्या आधीच्या राखेपासून सांगायला सुरुवात केली असती.

आमच्याकडे झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, नारळाच्या कोवळ्या पातीचे क्रूस विणतात आणि मिस्सेत आशीर्वादित केलेला तो क्रूस घरातल्या वेदीवर, फोटोच्या मागे, कोणाच्या दारावर वर्षभर राहतो. पहिल्या दिवशी तो पिवळसर हिरवा आणि लवचीक असतो. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशीचे ठिपके येतात, दिवाळीपर्यंत तो तपकिरी होतो आणि पुढच्या फेब्रुवारीत हात लावला तर कडा मोडते. तेव्हा चर्चमध्ये हे जुने क्रूस गोळा करतात, जाळतात, आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, त्याच राखेने फादर कपाळावर खूण करतात. गेल्या वर्षी "होसान्ना" म्हणून उंचावलेली पात या वर्षी "तू माती आहेस" म्हणून कपाळाला लागते. यावर वेगळा उपदेश करण्याची गरज मला कधी वाटली नाही. मुलांना क्रूस काढून आणायला लावावा आणि तो विस्तवावर टाकायचे काम त्यांनाच द्यावे.

दुसरी गोष्ट शेतातली आहे. उपवासकाळ आणि आमच्याकडे राब भाजण्याचे दिवस बहुधा एकच असतात. भाताचे रोप जिथे करायचे त्या तुकड्यावर शेण, झाडाचा वाळका टहाळा, पालापाचोळा, गवत असे थर देऊन वर माती पसरतात आणि ते सावकाश धुमसत ठेवतात. त्याने तणाचे बी मरते आणि राख जमिनीत राहते. मग ती जागा दोन-अडीच महिने काळीठिक्कर पडून असते. परक्या माणसाने पाहिले तर त्याला वाटेल की येथे आग लागून सगळे संपले आहे; पण घरच्या माणसाला ठाऊक असते की मृगाचा पाऊस पडला की पहिली हिरवळ याच काळ्या तुकड्यावर दिसणार आहे, बाजूच्या न भाजलेल्या बांधावर नाही. माझे वडील राखेच्या बुधवारी चर्चमधून आले की कपाळ न पुसता राबाच्या कामाला जात. त्यांनी मला या दोहोंचा संबंध कधीच समजावून सांगितला नाही. मला तो बाराव्या-तेराव्या वर्षी आपोआप कळला आणि कळला त्या दिवशी फार मोठे काही सापडल्यासारखे वाटले, हे मात्र आठवते.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवे. राबासाठी झाडे ओरबाडली जातात म्हणून शेतीतज्ज्ञ आता गादीवाफ्यावर रोपे करायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. मीही निम्मे रोप तसेच करतो. म्हणजे माझा दाखलाच आता मोडीत निघाला आहे. माझ्या नातवाला तो शेतात दिसणार नाही, मलाच तोंडाने सांगावा लागेल, आणि तोंडी सांगितलेल्या दाखल्यात ती धग राहत नाही.

---

निवृत्त गुरुजी

बाईंना व वाडीवाल्या भाऊंना सलाम.

भाऊंचे लिहिणे वाचून आनंद झाला. तरीही त्या मुलाच्या प्रश्नाचे नेमके उत्तर अजून दिले गेलेले नाही असे मला वाटते. त्याने विचारले होते की आपल्याकडे ईस्टरला काय उठते. माझ्या मते चूक त्याच्या शिवाराची नव्हती, तुमच्या चित्राची होती.

प्रभूचे मरण ज्या यहुदी सणाच्या सुमारास झाले तो वल्हांडण सण पॅलेस्टाईनमध्ये ज्या दिवसांत येतो ते दिवस तेथे पीक हाताशी येण्याचे असतात. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्या सरी आल्या की नांगरणी आणि पेरणी होते, मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसाबरोबर दाणा भरतो, सातू आधी आणि गहू त्याच्या मागून कापणीला येतो, आणि मग पुढचे पाच-सहा महिने आभाळातून थेंब पडत नाही. आपल्या रब्बीचेच हे वेळापत्रक आहे असे म्हटले तरी चालेल, फक्त दोन-चार आठवडे मागेपुढे. नगर भागातला शेतकरी शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि गहू नोव्हेंबरात पेरतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतो. प्रभूने मरणाच्या काही दिवस आधी गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला, तो मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो असे म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या आजूबाजूला त्याच मेलेल्या दाण्यांची कणसे उभी होती. बर्फ वितळून फुले येण्याचे चित्र उत्तरेकडच्या थंड देशांचे आहे; ते तेथे शोभते आणि तेथील लोकांसाठी खरेही आहे, पण ते शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, नाही.

याहून पुढची गोष्ट जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. हंगामातली पहिली पेंढी याजकाकडे आणावी आणि त्याने ती शब्बाथानंतरच्या दिवशी परमेश्वरासमोर ओवाळावी, अशी तेथे आज्ञा आहे. 'ओवाळणे' हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला किती घरचा लागतो ते पाहा. प्रभू ज्या दिवशी उठला तोही शब्बाथानंतरचाच दिवस होता, आणि पौल करिंथकरांस लिहिताना उठलेल्या ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हणतो. याचा अर्थ असा की, त्या मुलाच्या बापाने मार्चमध्ये कापून बांधावर टेकवून ठेवलेली गव्हाची पेंढी हीच ईस्टरची खरी खूण आहे. शेत वाळले आहे, कारण पीक घरात आले आहे. हे तुम्ही त्याला सांगा. तो हसणार नाही.

आता तुमच्या मर्यादेच्या प्रश्नाविषयी. मी चाळीस वर्षे शिकवले आणि पुष्कळ उपदेश ऐकले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे दाखल्यांचा तुटवडा नसून बोधाचा हव्यास आहे. एकदा एका उपदेशकाने केळीच्या झाडावर पाऊण तास घेतला. साल म्हणजे देह, गर म्हणजे आत्मा, देठ म्हणजे विश्वास, आणि केळीला बी नसते याचेही त्यांनी काहीतरी केले. घरी जाताना माझ्या पत्नीने एवढेच विचारले की, केळीवर रोग पडला तर काय म्हणजे काय? प्रभूच्या बहुतेक दाखल्यांत एकच कळीचा मुद्दा असतो आणि बाकीचे तपशील गोष्ट खरी वाटावी म्हणून असतात. शिवाय एकच वस्तू शास्त्रात दोन्हीकडे वापरलेली असते. एका बाईने तीन मापे पिठात खमीर लपवले आणि सगळे पीठ फुगले, तसे स्वर्गाचे राज्य आहे; आणि त्याच शुभवर्तमानात परुश्यांच्या खमिराविषयी जपा असाही इशारा आहे. त्यामुळे 'खमीर म्हणजे अमुक' अशी कोष्टके मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत.

माझी कसोटी साधी आहे. ज्या कामातून तुम्ही धडा काढता ते काम तुम्ही स्वतः केलेले असावे, निदान जवळून पाहिलेले असावे. मेंढपाळावर बोलायचे असेल तर दिवाळीनंतर आपल्या रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगराकडे मुलांना एकदा घेऊन जा आणि त्याला विचारा की रात्री मेंढरे कशी मोजतोस. रूथची गोष्ट सांगायची असेल तर 'सरवा', म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेली कणसे, या शब्दापासून सुरुवात करा. आपल्या मराठी शास्त्रात तोच शब्द आहे आणि मुलांच्या आजींनी तो वेचलेला आहे. पण मग हेही सांगा की हार्वेस्टर फिरला की आता सरवा फारसा मागे राहत नाही, आणि गरिबासाठी शेताचे कोपरे सोडण्याची आज्ञा पाळायची तर ती आता कशी पाळायची, हे मुलांनाच विचारा. उत्तर तुमच्याकडे नसले तरी बिघडत नाही.

जाता जाता भाषेतली एक गंमत. जुन्या करारात 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' असा जोडशब्द येतो. आपल्याकडे वळीव आधी आणि आगोट नंतर. त्यांच्याकडे पेरणीचा पाऊस आधी आणि पीक भरवणारा नंतर. भाषांतरकारांनी आपल्या शेतकऱ्याचे शब्द घेतले आणि क्रम त्यांच्या देशाचा ठेवला. मोठ्या मुलांच्या वर्गात यावर एक तास चांगला जाईल.

---

गावठाणातली आई

आम्हा मुंबईतल्या लोकांकडे ना गहू ना राब, म्हणून लिहू की नको असा विचार करत होते. आमचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक लोकांचे, गावठाण आहे, चारही बाजूंनी इमारती आहेत, आणि शेत म्हणून जे होते ते माझ्या सासूबाईंच्या आठवणीत आहे.

तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि प्रत्येक घराला एकेक लोंबी मिळते. आता या लोंब्या बाहेरगावच्या शेतकऱ्याकडून मागवाव्या लागतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने विचारले, "आपलं भात नाही, मग आपण कशाचे आभार मानतो?" मी तेव्हा तिला 'देवाने दिलेल्या सर्व गोष्टींचे' असे गुळमुळीत उत्तर दिले. सासूबाईंनी मात्र तिला हाताला धरून इमारतीच्या मागच्या वाहनतळावर नेले आणि आमचे खाचर कोठून कोठपर्यंत होते ते पावलांनी मोजून दाखवले. तेवढ्या जागेत आता अकरा गाड्या उभ्या राहतात. या वर्षीपासून मुलगी लोंबी घरी आणली की त्यातले दाणे मोजते. गुरुजी म्हणतात तसा त्यातून बोध काढायचा मोह मी आवरला आहे.

नाताळच्या गोठ्यासाठी आम्ही पसरट डब्यांत नाचणी पेरतो. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी ओल्या मातीवर दाट पेरली, अंधाऱ्या जागेत ठेवली आणि नंतर उजेडात आणली की गोठ्याभोवती हिरवेगार गवत उभे राहते. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे मुलांना शिकवण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही, कारण रोज उकरून पाहिले की ती हमखास बिघडते. गेल्या वर्षी धाकट्याने प्रेमाने सकाळ-संध्याकाळ पाणी घातले आणि डबा कुजला. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या नाचणीतला अर्धा तुकडा पोळीसारखा कापून दिला, मुळांच्या जाळ्यासकट. आमच्या बाळ येशूच्या अंगणात त्या जोडाची रेघ स्पष्ट दिसत होती. मुले आता नाताळ म्हटले की केकआधी तीच गोष्ट सांगतात.

खमिराविषयी इतकेच की, आमचे फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) करताना पीठ फुगण्याची वाट पाहावी लागते आणि थंडीत ते वेळेवर फुगत नाही. राज्याच्या दाखल्यात ती बाई किती वेळ थांबली हे लिहिलेले नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

---

मंडळीतला सेक्रेटरी

दसरा-संक्रांतीच्या मुद्द्यावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. बाईंच्या वडीलधाऱ्यांची बाजू मला समजते. आमच्या आजोबांच्या पिढीने ख्रिस्ती होण्याची किंमत मोजली होती. गावचे पाणी तुटले, सोयरिकी तुटल्या. अशा घरात जुन्या सणाचे नाव काढले तरी जखमेवर बोट ठेवल्यासारखे होत असे. त्यांच्या विरोधाला अडाणीपणा म्हणू नये.

दुसऱ्या बाजूला, मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या मातीतली रीत घेतली ही काही आजची गोष्ट नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली ओवीतच छापले गेले, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत गायली. आमच्या मंडळीत आजही टाळ वाजतात आणि त्याने कोणाचा विश्वास पातळ झालेला नाही.

पण छंद घेणे वेगळे आणि शेजाऱ्याचा सण घेऊन त्याला आपला अर्थ चिकटवणे वेगळे. संक्रांतीला शेजारीण तिळगूळ घेऊन आली तर तो प्रेमाने घ्यावा, गोड बोलावे, आणि नाताळला तिच्याकडे करंज्यांचे ताट पाठवावे. हाच शेजारधर्म आहे आणि त्यावर पाठ लिहिता येईल. तीळ म्हणजे अमुक आणि गूळ म्हणजे तमुक ख्रिस्ती सत्य असे लिहिले, तर ते आपल्या वडीलधाऱ्यांनाही रुचणार नाही आणि त्या शेजारणीलाही. सण तिचा आहे.

---

निवृत्त गुरुजी

सेक्रेटरी साहेबांशी सहमत आहे. एवढीच भर घालतो की, ईस्टरची तारीखही पौर्णिमेवरूनच काढतात. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे २०२४ मध्ये होळीच्या पौर्णिमेनंतर आठवड्याभरातच, ३१ मार्चला ईस्टर आला, आणि २०२३ मध्ये हनुमान जयंतीनंतर तीन दिवसांनी, ९ एप्रिलला. दोघांचे सण एकाच चंद्राखाली येतात हे मुलांना जरूर सांगावे. त्यात कोणाचे काही घेतल्यासारखे होत नाही.

---

शब्बाथशाळेच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी वर्गात करून पाहावे असे ठरवले होते.

त्या मुलाच्या घरून मी गव्हाची एक पेंढी मागवली. त्याच्या वडिलांनी मळणी यंत्रात घालण्याआधी ती बाजूला काढून ठेवली होती, आणि मुलाने ती सायकलच्या मागे बांधून, वाटेत थोडी सांडत आणली. लेवीयचा उतारा वाचला आणि पेंढी त्याच्याच हातात दिली. तो ती ओवाळताना इतका लाजला की दोनदा उलट्या बाजूने फिरवली. मग एकेका मुलाला एक ओंबी दिली, दाणे सोडवून मोजायला लावले आणि हे सगळे एका दाण्याचे आहे असे सांगितले. मुले बराच वेळ मोजत बसली. एका मुलीने मोजता मोजता चार दाणे खाल्ले, आणि ते मोजायचे की नाही यावर वाद झाला.

शेवटी तोच मुलगा म्हणाला, "पण बाई, आमच्याकडं काही दाणे उगवलेच नाहीत. पाऊस लांबला तेव्हा बी मातीतच गेलं." मी या वेळी हसून वेळ मारून नेली नाही. मला माहीत नाही, असे त्याला सांगितले, आणि गुरुजींच्या सल्ल्याप्रमाणे तो प्रश्न जसाच्या तसा पाठमालेत लिहून ठेवला आहे. दसरा-संक्रांतीचे पाठ काढून टाकले. त्या जागी शेजाऱ्यांच्या घरी ताट नेण्याचा एक पाठ घातला आहे, त्यास कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली नाही.

आता वाडीवाल्या भाऊंना एक विनंती आहे. पुढच्या झावळ्यांच्या रविवारी मुलांकडून क्रूस विणून घ्यायचे आहेत, पण आमच्याकडे नारळ नाही. ओढ्याच्या काठाला शिंदीची झाडे आहेत. तिची पात चालेल का?

---

वाडीवाला

ताई, चालेल काय, अधिक योग्य ठरेल. योहानाने खजुरीच्या झावळ्या लिहिल्या आहेत आणि शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण. नारळ आम्ही किनाऱ्याचे लोक हाताशी आहे म्हणून वापरतो. शिंदीची पात अरुंद आणि ताठ असते, म्हणून मधल्या कोवळ्या फोकाच्या, अजून पुरत्या न उघडलेल्या पाती घ्याव्यात. झावळीच्या बुडाशी लांब काटे असतात ते मोठ्या माणसाने आधी कोयत्याने काढून टाकावेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. पाती आदल्या रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे दुमडताना चिरत नाहीत. एका क्रुसाला दोन पाती धरा आणि प्रत्येक मुलामागे दोन जास्तीच्या ठेवा. पहिला क्रूस कोणाचाच सरळ येत नाही.